कोऱ्या कानांचा माणूस

निर्माता सोफ्यावर आडवा होतो, डोळे मिटतो आणि पायाचा अंगठा हलवू लागतो. तिथून माझं काम सुरू होतं. पुढचे दोन तास मी त्याच्यासमोर उभा राहून अख्खा सिनेमा करतो. नायक मी, नायिका मी, तिचा बाप मी, रेल्वेचं इंजिन मी, आणि मागचं व्हायोलिनही तोंडाने मीच वाजवतो. हातात कागद धरायचा नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. कागद दिसला की निर्माता म्हणतो, "ठेवून जा, वाचतो." वाचणारा निर्माता मी आजवर पाहिलेला नाही. अंगठा हलायचा थांबला की समजायचं, माणूस गोष्टीत शिरला. घोरणं ऐकू आलं की जिथे असू तिथे एक बॉम्बस्फोट घालायचा. प्रेमकथा असली तरी.

उमेदीची सगळी वर्षं मी चेन्नईत कथाचर्चेला बसणारा माणूस होतो. कथाचर्चा म्हणजे लॉजची एक खोली, जमिनीवर गाद्या आणि पाच-सहा माणसं. एकाने प्रसंग मांडायचा, बाकीच्यांनी तो मोडायचा. दुपारी केळीच्या पानावर जेवायचं, तासभर झोपायचं, आणि संध्याकाळच्या कॉफीबरोबर नायकाच्या आईला आजारी पाडायचं. पडद्यावर नाव कधीच येत नाही. पुढे माझ्या निम्म्या वयाची पोरं लॅपटॉप घेऊन चर्चेला यायला लागली, तेव्हा मी गाशा गुंडाळून तंजावरला परत आलो.

इथे मला सगळे कथैराव म्हणतात. कथै म्हणजे तमिळमध्ये गोष्ट, आणि राव तर आम्ही सगळेच. आम्ही तंजावरची मराठी माणसं. घरात मराठी, रस्त्यात तमिळ आणि रागावलो की इंग्रजी. आमच्या मराठीत 'आहे'चं 'अहे' होतं, 'आज'चं 'अज' होतं, आणि 'कुठे' अजून 'कोठे'च राहिलेलं आहे. चेन्नईच्या आधी मी दोन वर्षं पुण्यात नोकरी केली असल्यामुळे माझं मराठी छापण्याइतपत झालं, असं संपादक म्हणतात. माणसं बोलतील तिथे मात्र मी त्यांना आमच्या बोलीतच बोलू देणार आहे.

तंजावरात काम वेगळं आणि गिऱ्हाईकंही वेगळी. ओरत्तनाडूच्या बाजूचा एक भातगिरणीवाला आला. दिवंगत वडिलांवर छोटी फिल्म हवी. अटी अशा, की वडील गरीब दाखवायचे नाहीत, आजारी दाखवायचे नाहीत आणि मरताना तर अजिबात दाखवायचे नाहीत. मी विचारलं, "मग गोष्ट काय?" तो म्हणाला, "ती तुम्ही सांगायची." मी अशी फिल्म लिहिली की ते गृहस्थ रोज सकाळी उठतात आणि एक नवा ट्रॅक्टर घेतात. गिरणीवाल्याचे डोळे भरून आले.

दुसरा एक कापड दुकानदार. दुकान चांगलं जुनं, पण ते कसं सुरू झालं हे कोणालाच ठाऊक नाही. मी रचून दिलं, की आजोबा डोक्यावर साड्यांचं गाठोडं घेऊन कावेरीच्या काठाकाठाने चालत आले. पुढच्या वर्षी दुकानाच्या समारंभात त्याच मालकाने हीच हकिकत गहिवरून सांगितली, आणि मी समोर बसलेला असताना वर हेही सांगितलं, की गाठोड्याने आजोबांची मान जन्मभर डावीकडे कललेली राहिली. मी टाळ्या वाजवल्या. मानेचा भाग माझा नव्हता, पण उत्तम होता.

आता या धंद्यातली खरी अडचण सांगतो. गोष्ट बेतताना ती कोणाला तरी सांगून पाहावी लागते. कुठे कंटाळा येतो, कुठे धक्का बसतो, हे ऐकणाऱ्याच्या तोंडावरच कळतं. पण एकाच माणसाला तोच धक्का दुसऱ्यांदा बसत नाही. म्हणजे दर वेळी नवा माणूस हवा. आम्ही त्याला कोरे कान म्हणतो. माझ्या आयुष्यात सगळ्यात टंचाई कशाची झाली असेल तर कोऱ्या कानांची. बायकोचे कान लग्नानंतर वर्षभरात संपले. मेव्हणे संपले, न्हावी संपला, रिक्षावाले मला पाहून रस्ता बदलू लागले. हे एवढं सविस्तर सांगतो आहे, कारण पुढे जे झालं ते आमच्या धंद्यातल्या माणसांच्याच हातून होऊ शकतं.

तंजावरच्या कीळवासल भागात सेल्वमचा फोटो स्टुडिओ आहे. सेल्वम माझा कॅमेरामन. तो तमिळच बोलतो, त्याचं मराठी मी करून देतो. एका रविवारी त्या स्टुडिओत सरसा आली. सरसा आमच्याच लोकांतली, शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. घरात ती आणि तिचे वडील, दोघंच.

"अण्णा, मला एक छोटी फिल्म करायची अहे. विसरण्यावर."

मी म्हटलं, "विसरण्यावर जगात एकच गोष्ट अहे, बाई. म्हातारा अनोळखी बाईशी गप्पा मारतो. शेवटी ती त्याची बायको निघते. कॅमेरा आकाशाकडे."

"ती सोडून सांगा."

"घाई अहे?"

"होय." तिने दाराकडे पाहिलं. बाहेर पायरीवर तिचे वडील सेल्वमच्या कुंड्या कौतुकाने बघत उभे होते. "अप्पा मला अजून ओळखतात. म्हणजे बहुतेक दिवस. त्यांना ही फिल्म दाखवायची अहे, आणि ती अपल्या मुलीने केली, हे त्यांना कळायला पाहिजे. कळणं संपायच्या अत व्हायला पाहिजे."

तिला बक्षीस नको होतं, प्रसिद्धी नको होती. एक प्रेक्षक हवा होता, आणि तो वेळेत हवा होता.

वडिलांचं नाव गोपाळराव. आमच्याकडे बापाच्या वयाचा प्रत्येक माणूस मामा, म्हणून सगळ्यांचे गोपाळमामा. पाटबंधारे खात्यात कालव्यांची शटरं उघडण्या-बंद करण्यात त्यांची नोकरी गेली. खात्यातले इंजिनिअरसुद्धा त्यांना शटरवाले गोपाळराव म्हणत. आता सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता येत नव्हतं, पण हसणं, आदर, समोरच्याचं बोलणं जीव लावून ऐकणं, हे सगळं जागच्या जागी होतं. घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून दर रविवारी सरसा त्यांना चर्चेला बरोबर आणायची. स्टुडिओत फोटोसाठी एक लाल मखमली सिंहासन आहे. मामा त्याच्यावर बसत. समोर जमिनीवर आम्ही तिघं. राजाच्या दरबारात तीन विदूषक.

गोष्ट हळूहळू उभी राहिली. तिरुवैयारुच्या बस स्टँडवर एक म्हातारा रोज संध्याकाळी येऊन उभा राहतो. ओरत्तनाडूहून धाकटा भाऊ येणार, त्याला घरी न्यायचं. भाऊ केव्हाचाच वारलेला आहे. घरचे रोज सांगतात, "उद्या येईल," आणि तो खुशीत परत जातो. इथपर्यंत सरसाचं. शेवट मी दिला. एक नवा कंडक्टर येतो. त्याला घरच्यांची ही युक्ती माहीत नसते. तो चांगुलपणाने खरं सांगून टाकतो. म्हातारा तिथेच कोसळतो, भाऊ आत्ताच गेला असा रडतो. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तिथेच, धुतलेला शर्ट घालून, हसऱ्या तोंडाने उभा.

हे मी पहिल्यांदा करून दाखवलं. सिंहासनावर गोपाळमामांचे दोन्ही हात तोंडावर गेले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अरे देवा! त्याला कशाला सांगितलं? तो घरीं गेला असता की सुखाने."

माझ्यासारख्या माणसाला याहून मोठी पावती नाही. पुढच्या रविवारी मी तोच शेवट जरा बदलून सांगितला. मामा सिंहासनात पुढे सरकले. "मग? अला का भाऊ?" त्यांना काहीच आठवत नव्हतं. गोष्ट पूर्ण नवी. धक्का पहिल्याइतकाच.

सेल्वम माझ्या कानाशी लागला. "सार, कान रोज कोरे! असा माणूस चेन्नईत असता तर किती सिनेमे वाचले असते!"

मग काय विचारता. मी आनंदाने वेडा झालो. कंडक्टरने तिकिटांची थैली खांद्यावरून उतरवून मग सांगायचं, की थैली तशीच असताना? दोन्ही करून पाहिलं. थैली उतरवली की मामांचा चेहरा आधीच पडायचा, म्हणजे ती उतरवणं बरोबर. "वारला" म्हणायचं, की नुसतं "तो येणार नाही" म्हणायचं? "येणार नाही" म्हटलं की मामा विचारत, "का?" आणि त्या "का"नंतरची शांतता मी तोंडाने व्हायोलिन न वाजवता नुसती ठेवली. इतकी चांगली शांतता मला आयुष्यात सापडली नव्हती. सरसा मोबाईलवर वडिलांचा चेहरा टिपून ठेवत होती, नटाला दाखवायला. असे बरेच रविवार गेले.

मग एका बुधवारी शाळा सुटल्यावर सरसा माझ्या घरी आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "अण्णा, अप्पांचं काही वेगळंच होतं अहे."

"विसरणं वाढलं?"

"विसरणं नाही. अंघोळ."

स्टुडिओतून घरी गेलं की गोपाळमामा घरात न शिरता थेट मागे नळाखाली जाऊन बसत. अंगावर शर्ट, कमरेला लुंगीसारखी वेष्टी, सगळं तसंच. डोक्यावर पाणी ओतून घेत. मग ओलेत्याने आत येऊन सांगत, "चूल पेटवू नको." घरात गॅस येऊन किती काळ झाला, ते त्यांना आठवत नव्हतं. पण आपलं माणूस गेल्याची बातमी कानावर आली की आहे त्या कपड्यांनिशी अंघोळ करायची आणि चूल विझवायची, हे हातापायांत राहिलं होतं.

"मी विचारलं, अप्पा, काय झालं? तर म्हणाले, कोणी तरी गेलं अहे. मी म्हटलं, कोण? म्हणाले, तेच अठवत नाही. पण अपलं माणूस होतं."

"रोज?"

"रविवारी सुरू होतं, सोमवारी सकाळपर्यंत. मग हळूहळू जातं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, झालेलं पुसलं जातं, पण त्याने मनावर अलेला भार तेवढ्या लवकर उतरत नाही, असं होऊ शकतं. मग त्यांनीच विचारलं, रविवारी काय करतां तुम्ही?"

आमच्या गोष्टीतला कंडक्टर बिचारा अजाणतेपणी एकदा सांगतो. आम्ही गोपाळमामांना दर रविवारी जाणूनबुजून सांगत होतो, आणि थैली आधी उतरवावी की नंतर, याचा वाद घालत होतो.

"तू मला शिवी दे, सरसा."

"मी काय वेगळी होतें? मी चेहरा टिपत होतें."

माझी बायको आतून कॉफी घेऊन आली आणि आमची तोंडं पाहून कॉफी ठेवून परत गेली.

मी म्हटलं, "शेवट बदलूया. भाऊ येऊ दे. बसमधून उतरेल, हातात नारळांची पिशवी. दोघे भाऊ हात धरून कावेरीकडे जातील. मामांना निवांत दाखवतां येईल. तुला तेच पाहिजे होतं."

तिने कॉफी तशीच सोडून चप्पल घातली. "बघतें," म्हणाली आणि गेली.

पुढच्या रविवारी ती एकटीच आली. मामांना शेजारणीकडे ठेवलं होतं, आणि सेल्वमला मी नळाचं सगळं सांगितलं होतं. लाल सिंहासन रिकामं होतं आणि आमच्यापैकी कोणालाही त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी नारळांच्या पिशवीचा प्रसंग सुरू केला. तिने हात वर करून थांबवलं.

"कंडक्टरचं बोलणं काढा, अण्णा."

"कोणतं वाक्य?"

"सगळं. तो म्हाताऱ्याच्या कानात काय सांगतो ते ऐकूच येणार नाही. म्हातारा बस स्टँडच्या नळावर जाईल, अहे त्या कपड्यांनिशी डोक्यावर पाणी ओतेल. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन उभा राहील. बस्."

सेल्वमने चष्मा काढून शर्टाला पुसला. इतकी वर्षं मी गाद्यांवर बसून प्रसंग मोडले. मोडता येणार नाही असा प्रसंग समोर आला की मला ओळखू येतो. तो आम्हाला कोणी दिला होता, हेही खोलीतल्या तिघांना ठाऊक होतं.

"आणि अप्पा?" मी विचारलं.

"अप्पांना नाही दाखवायची."

वर्गात तास संपल्याचं सांगावं तसं तिने ते सांगितलं. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो एकच प्रेक्षक तिने स्वतःच्या हाताने वगळला. मी आजही विचार करतो की मी जरा जोर लावायला हवा होता. नारळांची पिशवी घेऊन उतरणारा भाऊ फार वाईट नव्हता. मी याहून वाईट भाऊ मोठमोठ्या सिनेमांत उतरवले आहेत. पण मी जोर लावला नाही, कारण तिचा शेवट चांगला होता. आमच्या धंद्यात एवढं कारण पुरतं, हेच मला आता डाचतं.

चित्रण तिरुवैयारुला झालं. म्हातारा म्हणून गावातल्या नाटकांत काम केलेला एक जुना नट घेतला. त्याने नळाखाली डोकं धरलं, तर फुलं विकणारी एक बाई टोपली टाकून धावली आणि आपल्या पदराने त्याचं डोकं पुसू लागली. तिला वाटलं, खरंच कोणी तरी गेलं. सेल्वमने कॅमेरा थांबवला नाही. फिल्ममध्ये ती बाई आहे.

आणि मी रविवारी संध्याकाळी गोपाळमामांकडे जाऊ लागलो. कोणी सांगितलं नव्हतं. मी मनाशी ठरवलं, की या घरात मी जे ओझं टाकलं त्याच्या उलट काही तरी नेऊन टाकायचं. त्यांच्याच खात्याची एक गोष्ट रचली. थोरले इंजिनिअर साहेब कालव्याची तपासणी करायला येतात, बदकांचा एक कळप त्यांच्या मागे लागतो, साहेब टोपी सोडून पळतात आणि शेवटी शटरच्या चाकाला लोंबकळून राहतात. बदकं मी, साहेब मी, चाकाची करकर मी. मामा पोट धरून हसत. "खरंच? मग खाली कोणी उतरवलं त्यांना?" दर रविवारी नव्याने. मी गेल्यावर ते दोन डोसे जास्त खातात आणि झोपेपर्यंत गुणगुणत बसतात, असं सरसा सांगायची.

फिल्म पहिल्यांदा दाखवली ती सरसाच्या शाळेच्या सभागृहात, शनिवारी संध्याकाळी. गावातली माणसं, शिक्षक, पालक, सगळे येणार होते. कोणी तरी मामांजवळ थांबायला हवं होतं. मी म्हटलं, मी थांबतो. जन्मात पहिल्यांदा माझं नाव पडद्यावर येणार होतं. सेल्वमने त्याचा फोटो मोबाईलवर पाठवला. पुढच्या रांगेतल्या कोणाच्या तरी डोक्याने अर्धं नाव झाकलेलं होतं.

तिकडे टाळ्या पडत असतील तेव्हा इकडे ओसरीच्या बाकावर बसून मी साहेबांना शटरवर लोंबकळवत होतो. त्या दिवशी मी बेफाम होतो. मी वेष्टी खोचून बदकासारखा अख्खी ओसरी चाललो. मामा हसून हसून लाल झाले.

सरसा आली तेव्हा तिच्या अंगावर रेशमी साडी होती, केसांत मोगरा होता आणि खांद्यावरून सोनेरी जरीची शाल. इकडे सत्कार म्हटला की अशी शाल पांघरतात. ती पायरीवर थांबली. तिचा चेहरा उजळलेला होता आणि रडून सुजलेलाही होता. तिला काही तरी सांगायचं होतं. "अप्पा" म्हणायला तिने तोंड उघडलं.

मामांच्या चेहऱ्यावर अजून हसू मावत नव्हतं. ते कशाचं होतं, ते मात्र त्यांच्याकडे राहिलेलं नव्हतं. त्यांनी शाल पाहिली, फुलं पाहिली, आणि माझ्याकडे झुकून, पण तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "अज लग्न अहे वाटतं. मुलगी कोणाची?"

मी खोचलेली वेष्टी खाली सोडली.

सरसाच म्हणाली, "गोपाळरावांची."

"कोण, ते शटरवाले?"

"तेच."

"ओळखतो की त्यांना! भारी हट्टी माणूस." ते पुन्हा हसले. "पण मुलगी छान अहे."

"होय, मामा," सरसा म्हणाली. "फार हट्टी अहेत." आणि शाल सावरून ती बाकावर बसली, पाहुण्यांकडच्या मुलीने बसावं तशी जरा अंतर ठेवून.